ऑगस्टमधला एकतीस डिसेंबर

मी तासगावचा. घरची द्राक्षबाग, त्यामुळे ‘बारा द्राक्षं खायचा सराव कर’ असं स्पेनमधल्या ग्रॅनडातला रूममेट म्हणाला तेव्हा मला हसूच आलं.

स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा टोल्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. टोल्याला एक. आमचा सराव मात्र चालला होता जुलैअखेरीस, कारण रूममेटचं आजोळ बेर्चुलेसला. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरच्या आल्पुहार्रा भागातलं, साधारण तेराशे मीटर उंचीवरचं हे गाव. 1994 च्या 31 डिसेंबरला तिथली वीज गेली आणि नववर्षाचा सगळा बेत अंधारात बुडाला. मग गावानं ठरवलं, राहिलेलं नवीन वर्ष ऑगस्टमध्ये करायचं. बाहेरगावी गेलेली माणसं उन्हाळ्यात परत येतातच, जसे गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात. तेव्हापासून ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तिथे एकतीस डिसेंबर असतो. (लोडशेडिंगात बुडालेले सगळे सण आम्ही असे भरून काढायचे म्हटले, तर वर्ष पुरणार नाही.)

सरावासाठी माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचा व्हिडिओ लावला. टोले पडले, मी दोन द्राक्षं तोंडात टाकली आणि समोरचा पोट धरून हसायला लागला. आधी पडतात ते ‘क्वार्तोस’, म्हणजे चार जोडटोले. ते नुसते ऐकायचे. खरे बारा त्यानंतर, साधारण तीन-तीन सेकंदांच्या अंतरानं. नवखा माणूस इथेच फसतो म्हणे.

दुसरी अडचण बियांची. आपल्या थॉम्प्सन जातीच्या द्राक्षाला बी नाही, तिथल्या बऱ्याच द्राक्षांना असतं. म्हणून जाणती माणसं आधीच द्राक्षं सोलून, बिया काढून ठेवतात. मला ते पटेना. तासगावच्या माणसानं द्राक्ष सोलून खायचं?

डिसेंबरपर्यंत द्राक्ष वेलीवर टिकावं म्हणून आलिकांतेकडे घडांना कागदी पिशव्या घालतात, हे मात्र ऐकून बरं वाटलं. आमच्याकडेही पिंक बेरी होऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना पेपर लावतात. ऑगस्टमध्ये तिकडे द्राक्षांचा हंगामच असतो, तेव्हा द्राक्षांच्या बाजूनं बघितलं तर बेर्चुलेसचीच तारीख बरोबर.

शनिवारी ग्रॅनडाहून बस पकडली. लान्हारोन, पंपानेइरा, ट्रेव्हेलेस करत ती डोंगराला वळसे घालत राहिली. पंपानेइराच्या आधीच मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते. वाटेतल्या प्रत्येक गावाचा आपला वेगळा सण, रूममेट सांगत होता. लान्हारोनला सान हुआनच्या, म्हणजे 23 जूनच्या मध्यरात्री अख्खं गाव एकमेकांवर पाणी ओततं. ट्रेव्हेलेसची माणसं 5 ऑगस्टला बर्फाच्या मातेची, म्हणजे मेरीची मूर्ती मुलासेनच्या शिखरावर नेतात. त्या शिखराची उंची 3,479 मीटर. बस लागलेल्या अवस्थेत हे ऐकूनच मला दम लागला.

बेर्चुलेसला उतरलो आणि घरं बघून थबकलो. सपाट छपरं, वर ‘लाउना’ नावाची करडी, पाणी न झिरपू देणारी माती. हे तर आपलं माळवद! खोली मिळणं शक्यच नव्हतं, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मग रूममेटच्या मावशीच्या छपरावरच पथारी टाकली. मावशीबाईंनी न विचारता स्वेटर दिला. ऑगस्टमध्ये कशाला, म्हणून मी तो पिशवीत कोंबला आणि अकराच्या सुमाराला मुकाट्यानं अंगात घातला.

चौकात लाल सांताटोप्या, नाताळची गाणी, पोल्व्होरोन नावाची नानकटाईसारखी भुसभुशीत मिठाई. ती खाऊन घसा कोरडा पडला. द्राक्षांच्या आधी ती खायची नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बारा वाजले. जोडटोल्यांची धास्ती असल्यामुळे मी शेजारच्या आजींच्या तोंडाकडेच बघत होतो. त्यांनी पहिलं द्राक्ष टाकलं, मी टाकलं. चौथ्यापर्यंत ठीक चाललं. पाचव्याला बी दाताखाली आलं, सातव्याला दोन्ही गाल फुगले, नवव्याला आजींनी माझ्याकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. शेवटचा टोला पडला तेव्हा हातात तीन द्राक्षं शिल्लक. आजींची कधीच संपली होती. त्यांची सोललेली होती.

मग अनोळखी माणसंही गालाला गाल लावून ‘फेलिस आन्यो’ म्हणत सुटली. त्याच भरात मी घरच्या ग्रुपवर ‘नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’ टाकलं. भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन. मिनिटभरात आईचा फोन.

“काय रे, बरा आहेस ना? काय घेतलंयस?”

“द्राक्षं,” मी म्हणालो. तोंडात अजून दोन होती.