नाक म्हणजे एक उभी रेघ

फ्रँकफर्टहून एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडली की पाऊण तासात वीसबाडेन. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की म्युझियम, दारातच जर्मन कवी गटेचा भला मोठा पुतळा. आत एका अंगाला पेंढा भरलेले प्राणी असल्यामुळे शाळकरी पोरांचा गोंधळ चालूच असतो. दुसऱ्या अंगाला चित्रं, आणि त्यांतच आलेक्सेई फॉन याव्लेन्स्कीची दालनं. जर्मनीत आल्यापासून मी कुणाची तोंडं सगळ्यांत जास्त वेळ न्याहाळली असतील, तर याने रंगवलेली.

हा मूळचा रशियन, जन्म 1864चा. लष्करातली नोकरी सोडून 1896मध्ये चित्रकलेसाठी म्युनिकला आला. तिथले त्याचे चेहरे पचायला सोपे आहेत. गालांवर हिरवा, नाकाला लाल, डोळ्यांभोवती जाड काळी रेघ, तरी बाई बाईसारखीच दिसते. 1914मध्ये महायुद्ध पेटलं. रशियन असल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली आणि तो स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाच्या तळ्याकाठी सँ-प्रे गावी जाऊन राहिला. चित्रं काढायला वेगळी जागा नव्हती. मग खोलीच्या खिडकीतून दिसणारी तीच झाडं, तीच वाट तो पुन्हा पुन्हा रंगवत बसला. एकाच विषयातून काय काय वगळता येतं हे बघायची खोड त्याला तिथेच लागली असावी, असं आपलं माझं मत.

पुढे ही खोड चेहऱ्यावर उतरली. मान गेली, कान गेले, केसांच्या नुसत्या कमानी राहिल्या. डोळे मिटले. नाक म्हणजे एक उभी रेघ, डोळे आणि ओठ आडव्या. कपाळावर मधोमध कधीकधी एक ठिपका असतो. आपल्याला पटकन टिळा आठवतो, पण याव्लेन्स्की वाढला रशियन चर्चमधल्या संतांच्या चित्रांत, आणि ती ठेवण त्याच्या चेहऱ्यांत दिसते.

वीसबाडेनला तो 1921मध्ये आला आणि मरेपर्यंत, म्हणजे 1941पर्यंत, इथेच राहिला. संधिवाताने हात आखडत गेले. 1933मध्ये नाझींनी त्याच्या प्रदर्शनांवर बंदी घातली. आणि नेमकं त्यानंतर, 1934 ते 1937च्या दरम्यान, त्याने हजाराच्या आसपास छोटे चेहरे रंगवले. ब्रश दोन्ही हातांत धरून. मनगट वळत नाही म्हटल्यावर रेघही वळत नाही. जवळ जाऊन बघितलं तर ब्रशच्या केसांचे ओरखडे सरळ खाली उतरलेले दिसतात आणि दोन फटकाऱ्यांच्या फटीतून खालचा तांबडा रंग डोकावतो.

या मालिकेचं नाव ‘मेडिटेशन्स’. त्यामुळे लोक आवाज खाली आणून तिच्याबद्दल बोलतात. मला त्यात ध्यानापेक्षा हट्ट जास्त दिसतो.

उभी-आडवी रेघ दिसली की चेहरा दिसणारच, त्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. खरंय, इथल्या भिंतीतल्या सॉकेटची दोन भोकंही माझ्याकडे टकामका बघत असतात. पण सॉकेटं सगळी सारखी बघतात. याचे चेहरे तसे नाहीत. भुवई जरा कलली की एक खट्टू होतो, ओठांची रेघ खाली सरकली की दुसरा ताठ, आणि निळ्याच्या जागी तपकिरी आला की तिसरा थेट आजारी.

इथल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गांत, आमच्या बाईंनी हेच करायला लावलं. समोर एक आजोबा मॉडेल म्हणून बसलेले. ब्रश दोन्ही मुठींत, कोपर अंगाला चिकटलेले, हलवायचे ते फक्त खांदे. पापण्या, सुरकुत्या, मिशी असलं काही जमण्याची शक्यताच नव्हती, त्यामुळे ठरवावं लागलं: या माणसाच्या चेहऱ्यातल्या कुठल्या तीन रेघा ठेवायच्या? मी नाक, झुकलेली डावी भुवई आणि हनुवटी ठेवली. शेजारच्या तुर्की बाईंनी नाक साफ उडवलं होतं, आणि आजोबा त्यांच्याच कागदावर जास्त ओळखू येत होते. चहाच्या सुट्टीत आजोबांनी सगळे कागद पाहिले आणि फोटो मात्र स्वतःच्या मिशीचा काढून घेतला.

पुढच्या सत्राचा विषय हात आहे. नाव घातलंय.