देवदूताचा आवाज ओळखायचा कोणी?

‘देवच नसेल तर मग काहीही केलेले चालेल’ हा युक्तिवाद आपल्याकडे कीर्तनापासून घरगुती वादापर्यंत कुठेही ऐकू येतो, आणि तो करणाऱ्याला बहुधा वाटत असते की आता नास्तिकाची बोलती बंद झाली. गंमत अशी की ज्याँ-पॉल सार्त्र या पक्क्या नास्तिक फ्रेंच तत्त्वज्ञाने रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या नावावर सांगितले जाणारे हेच म्हणणे मान्य करून अस्तित्ववादाचा, म्हणजे माणूस आपल्या निवडींतूनच स्वतःला घडवतो या विचाराचा, आरंभबिंदू म्हणून मांडले. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये त्याने दिलेले व्याख्यान पुढच्या वर्षी छापून आले, आणि त्यातली खरी मेख सिद्धान्तात नसून त्याने सांगितलेल्या एका विद्यार्थ्याच्या हकिकतीत आहे.

युद्धकाळात हा विद्यार्थी सल्ला मागायला आला होता. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, वडील शत्रूशी हातमिळवणी करण्याकडे झुकलेले, त्यावरून आईवडिलांत बेबनाव, आणि आईला उरलेला आधार या एका मुलाचा. इंग्लंड गाठून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हावे की आईजवळ राहावे? आईसाठी केलेले लगेच तिच्या पदरात पडणार होते. उलट निघाला असता तर वाटेत स्पेनमधल्या एखाद्या छावणीत अडकून पडण्याची, किंवा इंग्लंडला पोचूनही कचेरीत कागद भरत बसण्याची शक्यता होती. शेजाऱ्यावर प्रेम करा, असे धर्म सांगतो, पण शेजारी कोण, आई की लढणारे देशबांधव, हे सांगत नाही. धर्मगुरूकडे जावे, तर गुरूही प्रतिकार करणारे, जर्मनांना सामील झालेले, वाट पाहणारे असे तऱ्हेतऱ्हेचे. त्यांतला एक निवडतानाच आपल्याला कोणता सल्ला हवा आहे, हे ठरून गेलेले असते.

इथे प्रश्न देवाच्या अस्तित्वाकडून ज्ञानाकडे वळतो, आणि माझ्या मते तोच अधिक अवघड आहे. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड श्रद्धावंत होता. बायबलमधल्या अब्राहमाने मुलाचा बळी द्यायला निघावे, या देवाच्या आज्ञेवर त्याने १८४३ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले, आणि त्या श्रद्धेपुढे तो नतमस्तक झाला. सार्त्र त्याच प्रसंगावर विचारतो की ती आज्ञा देणारा आवाज देवदूताचा होता, हे ठरवले कोणी? ठरवले अब्राहमानेच. म्हणजे आज्ञा वरून आली असे मानले, तरी ती आज्ञा आहे, हा निर्णय खालीच झाला.

कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावतात, तेव्हा हेच डोळ्यांसमोर घडते. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावर होकार-नकार ठरतो. पण काय विचारायचे, ते कोणत्या शब्दांत मांडायचे, आणि मनाविरुद्ध कौल आला तर पुन्हा लावायचा का, हे सारे माणूसच ठरवतो. मला यात लबाडी दिसत नाही. श्रद्धा असली तरी निवडीचे ओझे टळत नाही, एवढेच दिसते. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ असे म्हणणारे तुकोबा काही नास्तिक नव्हते. विठ्ठलाला सर्वस्व मानूनही त्यांनी साक्षीला स्वतःचे मन उभे केले.

इथवर मी सार्त्रबरोबर आहे. पण ‘तू मोकळा आहेस, निवड कर’ हे त्याने त्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर मला अपुरे वाटते. निवडीनेच मूल्य जन्माला येत असेल, तर शत्रूकडे झुकलेल्या वडिलांनीही निवडच केली होती. मग त्यांना चूक कशाच्या आधारावर म्हणायचे? आपण निवडतो ते साऱ्या मानवजातीसाठी निवडतो, असे सार्त्र बजावतो, पण नाझींची चाकरी करणाराही बेधडक तेच म्हणू शकतो. शिवाय तो मुलगा कोऱ्या मनाने आलाच नव्हता. आईला टाकून जाणे वाईट आणि देशाला संकटात सोडणेही वाईट, ही दोन्ही जाणीव त्याच्यापाशी आधीच होती, म्हणून तर त्याला पेच पडला. ही जाणीव देवाच्या आज्ञेतून आली नसेल, पण निवडीतूनही ती आलेली नाही, कारण निवड अजून व्हायची होती.