आमची वाटचाल : डोंगरावरच्या अँटेनाची निवड

साताऱ्यात आम्ही वायरलेस संचांच्या दुरुस्तीचे दुकान काढले, तेव्हा साखर कारखान्यांच्या गट कार्यालयांत आणि ऊसतोडीवर फिरणाऱ्या गाड्यांत व्हीएचएफ (अति उच्च फ्रिक्वेन्सीवर चालणारे) संच असत व त्यांच्या दुरुस्तीवरच आमचे भागत असे. पुढे त्याच ग्राहकांनी डोंगरावर रिपीटर, म्हणजे क्षीण सिग्नल ऐकून तोच जोरात पुन्हा प्रक्षेपित करणारे संच, बसवण्याची कामे दिली. रिपीटरचा अँटेना साध्या बेस स्टेशनच्या (कार्यालयात एका जागी बसवलेल्या संचाच्या) अँटेनापेक्षा वेगळ्या कसोटीवर निवडावा लागतो, हे समजेपर्यंत आमचे दोन पावसाळे आणि एक चांगला ग्राहक गेला.

पहिल्या मोठ्या कामासाठी आम्ही फायबरग्लासच्या नळीतला कोलिनिअर (एकावर एक घटक रचलेला) अँटेना घेतला, कारण कॅटलॉगात त्याचाच गेन, म्हणजे शक्ती एका पट्ट्यात एकवटण्याची क्षमता, सर्वांत जास्त छापलेला होता. पहिला पावसाळा सुरळीत गेला. दुसऱ्या वर्षी वारा सुटला की खरखर सुरू होई आणि लांबचे संच तुटक ऐकू येत. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर १.३ दाखवत होता, म्हणजे परत येणारी शक्ती दोन टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे अँटेनावर संशयच आला नाही. आम्ही आधी रिपीटर खाली आणला, मग डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावरचे जाणारे आणि येणारे सिग्नल वेगळे ठेवणारी गाळणी, पुन्हा ट्यून केला. शेवटी अँटेना सोडवून केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध) लावला आणि सिग्नल जनरेटरने क्षीण सिग्नल देऊन पाहिला, तेव्हा खरखर नाहीशी झाली. नळी उभी चिरल्यावर आत सोल्डरचा एक डाग तडकलेला आढळला. वाऱ्याने नळी वाकली की ती दोन टोके एकमेकांवर घासत.

रिपीटरच्या एकाच अँटेनातून २५ वॉट बाहेर जात असतात आणि त्याच क्षणी पाव मायक्रोव्होल्टाइतका सिग्नल आत यायचा असतो. साध्या संचात बोलताना रिसीव्हर बंद असल्यामुळे सैल सांधा खपून जातो. इथे मात्र तोच सांधा किंवा एखादा गंजलेला बोल्ट प्रक्षेपणाच्या शक्तीतून गोंगाट निर्माण करतो, आणि तो थेट रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर पडत असल्याने डुप्लेक्सरलाही गाळता येत नाही.

तेव्हापासून डोंगरावर आम्ही चार फोल्डेड डायपोलची (दुमडलेल्या धातूच्या नळीच्या अँटेना-घटकांची) उघडी रचनाच सुचवतो. तिचे सांधे दुर्बिणीतूनही तपासता येतात, आणि डायपोल धातूच्या मास्टशी (खांबाशी) विद्युतदृष्ट्या जोडलेले असल्यामुळे वळवाच्या पावसाआधी साठणारा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरतो; जवळ पडलेली वीज मात्र कोणालाच ऐकत नाही. चारही डायपोल मास्टभोवती चार दिशांना लावले तर साध्या डायपोलच्या तुलनेत सुमारे ६ डेसिबल गेन सर्व बाजूंना मिळतो, आणि एकाच बाजूला ठेवले तर त्या दिशेला सुमारे ९. घाटमाथ्याच्या कड्यावरून फक्त पूर्वेकडचे तालुके गाठायचे असतील, तर दुसरी मांडणी सोयीची पडते.

गेनचा हव्यास आणखी एका ठिकाणी नडतो. माथा दरीपेक्षा ५०० मीटर उंच असेल, तर दोन किलोमीटरवरचे गाव क्षितिजाखाली सुमारे १४ अंशांवर येते. जास्त गेनचा पट्टा उभ्या दिशेने अरुंद असल्यामुळे तो अशा गावावरून निघून जातो आणि पायथ्याचाच ग्राहक तक्रार घेऊन येतो.

केबलबाबत थोडक्यात सांगायचे तर, ३० मीटर आरजी-२१३ या नेहमीच्या लवचीक केबलमध्ये दीडशे मेगाहर्ट्झला चाळीस टक्क्यांच्या आसपास शक्ती वाया जाते, म्हणून आम्ही अर्ध्या इंची हार्डलाइन (कमी शक्ती वाया घालवणारी कडक केबल) वापरतो. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या) शाखेकडून प्रक्षेपणाची आणि ऐकण्याची अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी हातात आल्याशिवाय अँटेना मागवत नाही.

इमारतीच्या गच्चीवर, जिथे मास्ट बारीक आणि वारा कमी असतो, तिथे आजही आम्ही फायबरग्लासचाच अँटेना लावतो. फक्त तळाचे निचऱ्याचे भोक टेपखाली बुजलेले नाही ना, हे स्वतः पाहतो. डोंगरावरच्या कामाचे आमचे कोटेशन इतरांपेक्षा बरेच जास्त असते आणि ग्राहक त्याचे कारण विचारतातच. काम सोपवताना आम्ही त्यांच्यासमोर आधी डमी लोडवर आणि मग अँटेनावर रिसीव्हरची संवेदनशीलता मोजतो, दोन्ही आकडे वहीत लिहून खाली त्यांची सही घेतो, आणि पावसाळा संपला की तीच वही घेऊन पुन्हा डोंगर चढतो.