तांदळाच्या धुवणासारखे पाणी

नागपूर, १८ मे, रात्री

संगणक थंड ठेवण्यासाठी घरीच जुळवलेली पाण्याची यंत्रणा सुरू करून आज तीन आठवडे झाले. सुरुवातीला काचेसारखे नितळ दिसणारे टाकीतले पाणी गेल्या आठवड्यापासून गढुळत चालले होते, आणि आज संध्याकाळी धाकटीने कॅबिनेटच्या काचेला नाक लावून विचारले, "बाबा, यात तांदळाचं धुवण ओतलंत का?" तिची उपमा अगदी अचूक होती. नुसता पाण्याचा रंग बदलला असता, तर मी आणखी थोडे थांबलो असतो. पण तेच काम चालू असताना आणि खोलीत जवळपास तेवढाच उष्मा असताना प्रोसेसरचे तापमान पहिल्या आठवड्यातल्या ७१ अंशांवरून ७९ अंशांवर गेले आहे. वाटेत कुठेतरी काहीतरी साचते आहे, हे उघड आहे. रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून चित्रे तयार करून घेण्याचे काम, अर्ध्यावर थांबवून यंत्र बंद केले.

१९ मे

पहिला संशय हवेच्या बारीक बुडबुड्यांवर होता, कारण नव्याने भरलेल्या यंत्रणेत तेही पाण्याला दुधाळ करतात. पण ते काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत टाकीत वर येऊन निघून जातात. काल रात्री पेलाभर पाणी काढून ठेवले होते. सकाळी ते तसेच गढूळ होते, तळाशी पांढुरका थर बसला होता आणि वर तेलकट तवंग होता. म्हणजे बुडबुडे नव्हेत.

दुसरा संशय क्षारांवर गेला, आणि नागपूरकराचा तो जाणारच, कारण दर उन्हाळ्यात आमच्या कूलरच्या जाळ्यांवर पांढरे खडबडीत कवच चढलेले असते. मी बॅटरीच्या दुकानातून आणलेले डिस्टिल्ड वॉटर वापरले होते, तरी ते खरोखरच तसे होते का, हे तपासणे भाग होते. उरलेल्या कॅनमधल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवल्यावर आकडा २ आला, आणि यंत्रणेतल्या गढूळ पाण्यात ९. स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याचाही आकडा ४० च्या आसपास असतो. मात्र हे मीटर विरघळलेले क्षारच मोजते, न विरघळलेला गाळ त्याला दिसत नाही. म्हणून एका बशीत कूलरवरून खरवडलेले कवच आणि दुसरीत पेल्याच्या तळाचा गाळ घेऊन दोन्हींवर व्हिनेगर टाकले. पहिल्या बशीत लगेच फेस आला. दुसरीत काहीही झाले नाही.

पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरच्या नळ्या डाखाने जोडताना आत राहिलेला फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावलेले द्रव्य, हेही एक नेहमीचे कारण असते. पण जोडणीपूर्वी मी रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा खळखळून घेतला होता, आणि फ्लक्स असता तर तो तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता आधीच दिसला असता. शेवाळ किंवा जंतूंचा थर बुळबुळीत असतो आणि बहुतेक वेळा त्याला वास येतो. या पाण्याला वास नव्हता, शिवाय त्यात बायोसाइड, म्हणजे जंतुनाशकही टाकलेले होते.

२० मे

आज वॉटर ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, आतून पाणी वाहणारा ठोकळा, उघडला. सहा स्क्रू काढून अ‍ॅक्रिलिकचे झाकण उचलले, तेव्हा तांब्याच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांमधल्या अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद फटींत थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखे काहीतरी बसलेले दिसले. पाणी नेमके जिथून आत शिरते, तिथेच ते सर्वात दाट होते. दात कोरायच्या काडीने थोडे उचलून बोटांत चोळले, तर ते चिकट आणि ओशट लागले. ते पाण्यात विरघळेना, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवताच सुटून आले आणि खाली निकेल पूर्वीसारखेच चकचकीत निघाले. म्हणजे धातू झिजलेला नाही. हा थर बाहेरून आलेला आहे.

मग नळीचा एक तुकडा कापला आणि त्याच गुंडाळीतल्या न वापरलेल्या तुकड्याशेजारी धरला. न वापरलेला तुकडा पारदर्शक आणि लवचीक होता. वापरलेला दुधाळ झाला होता आणि वाकवताना स्पष्टपणे ताठर लागत होता. अशा नळ्यांचे प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, मुळात कडकच असते. नळी मऊ राहावी म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात, पण ते प्लॅस्टिकशी रासायनिकरीत्या बांधलेले नसल्यामुळे हळूहळू बाहेर झिरपते, आणि पाणी जितके गरम तितके लवकर. पाणी कितीही फिरवले तरी ते खोलीच्या तापमानाखाली उतरू शकत नाही; दुपारी खोली ३८ अंशांवर असते, तेव्हा चक्रातले पाणी ४५ च्या पुढे जाते. त्या तेलकट द्रव्याने गेले तीन आठवडे नळीतून निघून बरोबर सर्वात अरुंद जागी मुक्काम केला.

मला वाईट वाटते ते याचे, की पाण्याची शुद्धता मी थेंबाथेंबाने जपली आणि नळी मात्र केवळ सुंदर दिसते म्हणून निवडली. दुकानदाराने ती याच कामासाठी उत्तम असल्याचे सांगितले होते. ती कशाची बनलेली आहे, हे मी विचारायला हवे होते.

२३ मे

गेले दोन दिवस सफाईत गेले. धातूच्या पट्ट्या अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने साफ केल्या. झाकणाला मात्र अल्कोहोल लागू दिले नाही, कारण त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. ते भांडी घासायच्या साबणाच्या पातळ पाण्याने धुऊन, फेसाचा मागमूस राहणार नाही इतके खळखळले. रेडिएटरमधून गरम डिस्टिल्ड पाणी काढून मलमलीतून गाळत राहिलो. पहिल्या दोन खेपांना कापडावर पांढरट डाग पडला, पाचव्या खेपेला कापड स्वच्छ निघाले. पारदर्शक नळ्या काढून त्यांच्या जागी काळ्या ईपीडीएम रबराच्या घातल्या. त्यांतून असे प्लॅस्टिसायझर झिरपत नाही. पाणी वाहताना आता दिसणार नाही, याची धाकटीला फार हळहळ वाटली, आणि मलाही वाटली.

२४ मे, रात्री

बाकी संगणक सुरू न करता पॉवर सप्लाय चालावा म्हणून त्याची हिरवी तार काळीला जोडून काल रात्रीपासून २४ तास फक्त पंप चालवला. सांध्यांखाली अंथरलेला टिश्यू पेपर कोरडा राहिला. पहिला तासभर बुडबुड्यांमुळे पाणी पुन्हा दुधाळ दिसले, पण कॅबिनेट थोडे तिरपे करत राहिल्यावर ते निवळले. आता रेंडरिंग सुरू आहे आणि प्रोसेसर ७० अंशांवर स्थिर आहे. टाकीतले थोडे पाणी झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून, तिच्यावर आजची तारीख चिकटवून ती फळीवर ठेवली आहे. पुढच्या रविवारी तिच्याशेजारी दुसरी ठेवीन.