औषधाचे नाव मिळेपर्यंत

गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सापडणाऱ्या बहुरूपी फुलपाखराच्या अळ्या मी जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतो. त्यांना रोज ताजी पाने घालणे आणि पिंजरा स्वच्छ ठेवणे यांत काहीच अवघड नाही. अवघड ठरली ती आमच्या सोसायटीतील पेस्ट कंट्रोलची फवारणी, कारण कोणते औषध कधी मारणार, हे आधी कोणी सांगतच नसे.

मी कार्यालयात लेखी अर्ज दिला, तेव्हा ‘‘औषध हर्बल आहे, काही होत नाही,’’ एवढ्यावर माझी बोळवण झाली. व्यवस्थापक म्हणत, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा माणूस म्हणे, कार्यालयात विचारा. आणि अर्जाची पोच मात्र कोणीच देईना. ‘हर्बल म्हणजे निरुपद्रवी’ या उत्तराचा राग मला अजूनही येतो. पायरेथ्रम हे कीटकनाशक शेवंतीच्या कुळातील फुलांपासूनच काढतात आणि ते कीटक मारण्यासाठीच वापरतात. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन या घटकामुळे तर अळीला नीट कात टाकता येत नाही. अखेर कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांचा उल्लेख करून मी दुसरा अर्ज लिहिला. घटकाचे नाव लेबलवर छापणे बंधनकारकच असल्याने डब्याच्या लेबलचे छायाचित्र द्यावे, एवढीच मागणी त्यात होती. ते छायाचित्र आले, त्यावर सायपरमेथ्रिन या कृत्रिम कीटकनाशकाचे नाव स्पष्ट होते, आणि तारीखही आगाऊ कळली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

लेबलवरील त्रिकोणाच्या रंगावर मात्र विसंबू नये. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही प्रतवारी माणसाला असलेल्या धोक्याची आहे. हिरव्या त्रिकोणाचे औषधही अळीचा जीव घेऊ शकते.

फवारणीच्या आदल्या दिवशी पाने तोडून ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत, पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावावा. स्वयंपाकघरात झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेलचे ठिपके लावण्यास सांगावे. पिंजऱ्याच्या खोलीत डासांची कॉइल किंवा मशीन लावू नये, हे खरे तर मी आधीच सांगायला हवे होते, कारण त्यांतही बहुधा पायरेथ्रॉइडच, म्हणजे पायरेथ्रमच्या धर्तीवर बनवलेले कृत्रिम कीटकनाशक, असते. नर्सरीतून आणलेले नवे रोप लगेच अळ्यांना देऊ नये. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध मुळांवाटे पानांत भिनते आणि ते धुऊन जात नाही. बाजारातल्या कढीपत्त्यावर काय मारले आहे हे कळत नसल्यामुळे तो मी अळ्यांना कधीच घालत नाही.