शिफ्ट सांभाळून पाचारण शोधताना

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘पाचारण’ (देवाने एखाद्या कामासाठी दिलेली हाक) हा शब्द निघाला की सगळ्यांची नजर पाळकसाहेबांकडे वळते. सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर उभा राहणारा, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करणारी, नवी पेठेत गिऱ्हाइकापुढे कापड उलगडणारा, हे सगळे जणू वर्गणीपुरतेच. शास्त्र, म्हणजे बायबल, असं म्हणत नाही. निर्गम 35:35 मध्ये देवाने कौशल्य दिलेल्या कारागिरांत विणकराचं नाव आहे. चादरी-टॉवेलच्या या गावात ते वचन पुन्हापुन्हा वाचलं जायला हवं. प्रेषित पौलही करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करत होता. म्हणून ‘नोकरी सोडू का?’ हा पहिला प्रश्न नव्हे. आहे त्या कामात देव कशाकडे बोट दाखवतोय, ते आधी पाहायचं.

यासाठी नहेम्यासारखा गुरू नाही. तो पारसाच्या राजाच्या पदरी असलेला यहुदी. यरुशलेमेची वाईट बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे त्याने तोंड उघडलं ते नीसान महिन्यात. मधले साधारण चार महिने प्रार्थना चालू आणि राजाला प्याला देण्याची चाकरीही चालू. राजाने विचारलं तेव्हा त्याने मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि लगेच नेमकं मागितलं: इतकी मुदत, वाटेतल्या अधिकाऱ्यांना पत्रं, लाकडासाठी राजाच्या वनपालाला पत्र. इतका तपशील आयत्या वेळी सुचत नाही.

सकाळी पंधरा मिनिटं काढा, मोबाईल हातात घेण्याआधी. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा; रोज दहा वचनं धरली तर त्याचे 16 अध्याय साधारण 70 दिवसांत होतात. पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं गप्प बसणं, पाच मिनिटं मागणं. मधली पाच मिनिटं सगळ्यात जड जातात, आणि लोक नेमकी तीच गाळतात. रात्रपाळी असेल तर झोप झाल्यावरच बसा. कामावरून आल्या आल्या डोळे मिटले की झोप लागते आणि मग उगाच अपराधी वाटतं. रतामाच्या झुडपाखाली थकून पडलेल्या एलीया संदेष्ट्यालाही देवाने आधी झोप आणि भाकर दिली, दोनदा खाऊ घातलं; पुढचं काम त्यानंतर सांगितलं.

कामावरची प्रार्थना हाताच्या लयीला बांधा. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की बदलावीच लागते. दर कांडीला एका माणसाचं नाव आणि एक वाक्य. विडी वळणाऱ्या बाईने बंडल बांधताना, नर्सने हात धुताना. माग थांबवून मात्र प्रार्थना करू नका. तो वेळ मालकाचा आहे.

रात्री दहा मिनिटं आणि एक शंभर पानी वही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांनी घालून दिलेला क्रम यासाठी चांगला आहे: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची तपासणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. वहीत तीनच ओळी लिहा: आज जीव कशात लागला, मन कुठे कोरडं पडलं, कोणाची गरज दिसली. तिसरी ओळ नेमकी हवी. ‘गरिबांची सेवा’ लिहून काही हाती लागत नाही. ‘शेजारच्या मावशींना तेलुगूच वाचता येतं, बँकेचा मराठी फॉर्म अडला’ असं लिहा.

निदान 40 दिवस लिहा. या आकड्यात जादू नाही. पगाराचा आठवडाही आणि उचल घ्यावी लागते तो आठवडाही त्यात यावा, एवढंच. पगार झाल्यावर सगळंच पाचारण वाटतं. मग वही घेऊन मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि तीच गरज किती वेळा आली ते मोजा. लहानग्या शमुवेलाला हाक आली, पण ती देवाची आहे हे म्हाताऱ्या याजक एलीने ओळखून दिलं.

चुका होतात त्या बहुतेक घाईने. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे उत्तर, हा कौल झाला, प्रार्थना नव्हे. मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नेशियस यांचाच नियम आहे. मुकादमाशी भांडण झालं त्या रात्री राजीनामा लिहू नका. डोक्यावर सावकाराचं कर्ज असताना ‘पूर्णवेळ सेवा’ घेतली तर हप्ता बायकोच्या गळ्यात पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे ‘हेच माझं पाचारण’ म्हणत बुडवलेली मजुरी किंवा कापसाच्या धुळीने लागलेला खोकला मुकाट सोसणं. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, असं याकोब 5:4 सांगतं. आणि विडी वळणारीला तंबाखूवरून पापी ठरवू नका. तिच्या मनाला ते काम टोचत असेल तर दुसरं मिळेपर्यंत तिच्या बाजूने उभं राहणं, हेच कोणाचं तरी पाचारण असू शकतं.

वहीत वारंवार आलेली एकच गरज निवडा आणि सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, करून पाहा. पद नको, पावती पुस्तक नको, मंडळीत घोषणाही नको. सिव्हिलबाहेर बसलेल्या गावाकडच्या नातेवाइकांना केसपेपरची खिडकी दाखवायची असेल तर तेवढंच करा. मदतीच्या बदल्यात कोणाला वचन ऐकायला बसवू नका. सहा आठवड्यांनी तीन जणांना विचारा: ज्यांचं काम केलं त्यांना, घरच्यांना आणि त्या वडीलधाऱ्याला. घरच्यांचं उत्तर नीट ऐका, कारण तुमच्या दोन तासांची किंमत तेच मोजत असतात.

उत्तर ‘नाही’ आलं तर तारीख टाकून वहीत तसं लिहा आणि पुढच्या गरजेकडे वळा. पण दहावीच्या मुलाला गणित शिकवायला घेतलं असेल तर त्याची परीक्षा होईपर्यंत सोडू नका, किंवा आधी दुसरा शिकवणारा शोधून द्या.