काकूचा थर्मास

काका आयसीयूत गेले त्या संध्याकाळीच काकू रामबागेतून थर्मास घेऊन हजर. भाताची पेज, वर चिमूटभर जिरेपूड. "अगं, नाकात नळी घातलीच आहे ना, मग घाला की! सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

मी आहारतज्ज्ञ, पण इंदूरच्याच दुसऱ्या दवाखान्यात. इथे नुसती पुतणी.

काकांना न्यूमोनिया, व्हेंटिलेटर, आणि बीपी खाली जाऊ नये म्हणून लावलेल्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस तासातासाला वाढत होता. अशा वेळी शरीर मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. त्यावर अन्नाचा भार टाकला तर आतडं काळं पडायची भीती. म्हणून थांबायचं. पण फार नाही. बीपी स्थिरावलं की, आयसीयूत आल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत, नळीतून सुरू करायचं, नाहीतर रिकामं आतडं आतून झिजायला लागतं.

दुसऱ्या दिवशी डोस वाढायचा थांबला. नळी जठरात असल्याचं एक्स-रेत बघितलं, उशाकडून पलंग वर केला आणि तासाला २० मिली फीड सुरू झालं. "म्हणजे चार चमचे? चिमणीला भरवताय का?" काकू. पण काका आठवडाभर धड जेवलेच नव्हते. अशा माणसाला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धाडकन उतरतं, आणि ते धोक्याचं. पेज मात्र मीच नको म्हटलं. नळी तुंबते, आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

माझा राग पुढचा आहे. गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवायची म्हणून रात्री १२ला फीड बंद केलं. ऑपरेशन थिएटरचा नंबर सकाळी १०चा, मग ३चा, मग "उद्या बघू". फीड परत लावायचं कुणाच्या लक्षातच नाही! संध्याकाळी ४ला मी आत गेले तर स्टँडला कालचीच पिशवी, पंप मुका. बंद करण्याआधी गती तासाला ६० मिलीवर आली होती. १६ तास, म्हणजे ९६० मिली फीड बुडालं. सिस्टर म्हणाली, "ऑर्डर नाही आली." तिच्याकडे तीन बेड होते, तिला काय बोलणार?

काकू ऐकत होती. तिने पिशवीतून मेडिकलचं बिल काढलं, पाठीवर लिहिलं: बंद १२, सुरू ४.४०. दुसऱ्या दिवशी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, फीड कधीपासून बंद होतं? फाइल चाळली जात होती तोवर काकूने बिल पुढे केलं.